विहिरीतलं जांभळं पाणी

अफवांवर विश्वास ठेवतात ती अडाणी माणसं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या घरात अडाणी मी होते आणि माझी जाऊ होती. आम्हाला असलं काही सुचायचंच नाही. सुचायला डोकं लागतं, आणि घरात डोकं होतं ते माझ्या थोरल्या दिरांना. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणायचा. धुळ्याला राहून शिकलेले, टपालाने वर्तमानपत्र मागवणारे. ते यायचं चार दिवस शिळं, पण भाऊ वाचायचे असं की लढाई आत्ताच ओसरीवर चालली आहे. पारोळ्याच्या पुढे, बोरी नदीकाठच्या आमच्या गावात कुणाचा अर्ज लिहायचा झाला तर भाऊ, भांडण मिटवायचं झालं तर भाऊ.

ती पहिल्या जर्मन लढाईची वर्षं. माझा नवरा जळगावला गिरणीत कामाला होता. घरात भाऊ, जाऊबाई, त्यांचा पाच वर्षांचा मुलगा, मी आणि माझी तीन वर्षांची लेक. आमच्याकडे धाकटी सून थोरल्या दिराशी बोलत नसे. भाऊ आले की मी पदर नाकापर्यंत ओढून आत. काही सांगायचं झालं तर मी जाऊबाईला सांगायचे, ती त्यांना सांगायची. ते हातभर अंतरावर बसलेले असले तरी त्यांना माझं ऐकू आलंच नाही असं धरायचं. आता हसू येतं.

त्या उन्हाळ्यात पटकी आली, हगवण-ओकारीची. सकाळी शेतात गेलेला माणूस संध्याकाळी सरणावर. आधी घराघरातून रडणं ऐकू यायचं, मग तेही थांबलं. लोक दारं लावून बसले. माझ्या लेकीच्या पोटात जरा गुडगुडलं तरी मी रात्रभर तिच्या उशाशी बसायचे. तिला काही झालं तर नवऱ्याला तोंड कसं दाखवू, हाच एक घोर मनात.

मग तालुक्याहून सरकारी माणूस आला. त्याने गावविहिरीत कसली तरी पूड टाकली आणि पाणी जांभळं झालं. औषध आहे, हेच पाणी प्या, असं सांगून तो घोड्यावर बसून पुढच्या गावाला गेला. आम्ही बायका घागरी घेऊन काठावर उभ्या होतो. कुणी दोर सोडेना.

भाऊंनी ओसरीवर माणसं जमवली. मी दाराआडून ऐकत होते.

"लढाईला धान्य पाहिजे," ते म्हणाले. "इथली तोंडं कमी झाली तर धान्य उरेल. पूड आधी कुठे टाकली? पारोळ्याला. माणसं कुठे मेली? पारोळ्याला. साहेबाच्या बंगल्यातल्या विहिरीत टाकली का? जाऊन बघा."

कुणी तरी म्हणालं, विष असतं तर विहिरीतले मासे मेले असते.

"मासे मेले असते तर तुम्ही ते पाणी प्यायला असतात का? म्हणून तर सावकाश मारणारं टाकलंय."

प्रत्येक शंकेला त्यांच्याकडे उत्तर तयार. आणि ते अगदी हवेतलं बोलत नव्हते हो. प्लेगाच्या साली सरकारी माणसं आमच्या घरात शिरली होती. गोधड्या अंगणात जाळल्या, सासऱ्यांना उचलून छावणीत नेलं. भाऊ तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे. छावणीबाहेर उभं राहून त्यांनी विचारलं, माझा बाप आहे का? शिपाई म्हणाला, उद्या ये. सासऱ्यांना कधी जाळलं, कुठे जाळलं, कुणालाच कळलं नाही. ज्याने हे सोसलं त्याला सरकारच्या हातचं औषध विष वाटलं, तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

जाऊबाईला मात्र काही पटलं नव्हतं. "पानी शे ते," ती चुलीपाशी मला म्हणाली. "तहान लागनी म्हंजे बठ्ठा गाव पेस." तहान लागली की सगळा गाव हेच पिणार, हे तिला कळत होतं, पण नवऱ्याचा शब्द मोडायची आमच्यात रीत नव्हती.

आमच्या घराने नदीतला झिरा धरला. कोरड्या पात्रातल्या वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरून येईतो बसायचं आणि वाटीवाटीने घागर भरायची. वाळूतून गाळून आलेलं पाणी, त्याहून चोख काही नाही, असं आमच्या मुलखाचं ठाम मत. देवाच्या पूजेलाही झिऱ्याचंच पाणी. वरच्या अंगाला डोहावर आजाऱ्यांच्या गोधड्या धुतल्या जात होत्या, ते सगळ्यांना दिसत होतं. पण मध्ये वाळू आहे ना, म्हणून आम्ही निर्धास्त.

जाऊबाई रोज झिऱ्यावर जायची आणि पहिली ओंजळ तिथेच प्यायची. एक दिवस परत आली ती भिंत धरत. दिवस मावळायच्या आत तिचे डोळे खोल गेले, आवाज बसला, बोटांची कातडी सुरकुतली. मी तिचे पाय चोळत होते, पण देवाशपथ सांगते, माझं चित्त तिच्यापाशी नव्हतं. सकाळी माझी लेकही त्याच झिऱ्याचं पाणी प्यायली होती. जाऊबाई माझ्या हातातच गेली.

स्मशानातून आल्यावर भाऊ ओसरीवर बसले. मग बोलले ते शहरी नव्हे, घरचं बोलले.

"त्यासनी झिरामा बी टाकं."

म्हणजे सरकारने झिऱ्यातही विष टाकलं. मला वाटलं होतं, आता तरी हे थांबेल. बायको गेली, त्यांच्याच सांगण्याने भरलेल्या पाण्याने गेली, आणि त्यांच्या विचाराला साधा तडा गेला नाही. उलट तो वाढून नदीपर्यंत पोचला. सगळ्यात वाईट म्हणजे मलाही तो पटला. विहिरीत विष, नदीत विष, मग पोरीला पाजू तरी काय?

झिऱ्याची घागर मी उपडी केली होती. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशी लेक पाणी पाणी करायला लागली. दुपारपर्यंत तिच्या ओठांची सालं निघाली. मी उठले, विहिरीवर गेले आणि दोर सोडला. कुणावर भरवसा बसला म्हणून नव्हे. झिऱ्याच्या पाण्याने माणूस दिवसभरात मरतो हे मी पाहिलं होतं, जांभळ्याने मरताना मी अजून कुणाला पाहिलं नव्हतं, एवढंच. घरी येऊन आधी मी प्यायले. जीभ तुरट झाली. पोटावर हात ठेवून बसले. काही झालं नाही, पण विष सावकाश मारणारं असेल तर इतक्यात काही होणारही नव्हतं. लेक पेल्याकडे बघत होती. मी तो तिच्या तोंडाला लावला. तिचा घसा हलत होता, आणि दर घोटाला मला वाटत होतं, मी हिला आपल्या हाताने मारते आहे.

मान वर केली तर दारात भाऊ उभे होते, मुलाचं बोट धरून. पदर ओढायचंही मला सुचलं नाही. त्यांचं बोलणं मला आणि माझं त्यांना पोचवणारी आता कुणी नव्हती.

"हे सावकाश मारतं," ते सरळ माझ्याशी बोलले. "तोवर काही तोड काढता येईल. यालाही पाज."

मी पेला भरला. मुलाने तो एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि आणखी मागितलं. मी भाऊंकडे पाहिलं. भिंतीकडे तोंड फिरवून ते म्हणाले, "दे."