एकास चार

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीच्या होडीची तिकिटं फाडणारा तो गृहस्थ पूर्वी आगबोटीवर खलाशी होता. पोकर तिथेच शिकला. होडी येईपर्यंत तो आम्हाला चिंचोके लावून खेळायला बसवायचा. टक्केवारी मात्र त्याला मुळीच खपत नसे. "हवं ते पान यायची आशा शेकडा वीस," असं मी म्हटलं, की तो उजवा कान चोळत हसायचा. "शेकडा नको सांगू, भाऊ. पाचात येकदा येनार, चारदा न्हाय येनार. येकास चार!" मला ते कधी जमलं नाही. माझ्या तोंडून दर वेळी एकास पाचच यायचं.

त्या वर्षी माझी मुलगी फायनलच्या परीक्षेला बसली. हेडमास्तर म्हणाले, "पास व्हायची आशा शेकडा वीस." मी तोंड पाडून धक्क्यावर गेलो. ऐकून त्याने हातातले पत्ते खाली ठेवले.

"माझा येक नारळ पोरीवर. नापास झाली तर तो तुझा. पास झाली तर तू किती देनार?"

"पाच!"

पहिल्यांदाच त्याने माझी चूक काढली नाही. नुसता कान चोळला.

मुलगी पास झाली! पाच नारळ पोत्यात घालून मी जवळजवळ नाचतच धक्का गाठला. त्याने चार काढून घेतले आणि पाचवा माझ्या हातात परत ठेवला.

"अहो, पाच ठरले होते!"

"येकास चार, भाऊ. पाचातली येक ती तुझी पोर. ह्यो तिच्या हातानं फोड."