अक्षतेचा दाणा

महिपती उतेकरांनी त्या दिवशी रायफलीला हात लावला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आता उमरठच्या बाजूला प्रत्येक चहाच्या टपरीवर वेगळंच ऐकू येतं. कोणी म्हणतं, आबांनी डोळे बांधून रायफल खोलली. कोणी म्हणतं, साहेबाच्या हातातून हिसकावून घेतली. मी तिथे होतो. हिसकावायचं असतं तर मीच हिसकावली असती आणि आज हे लिहायला बाहेर नसतो.

महिपती आबा सदुसष्ट वर्षांचे. उमरठच्या वरच्या अंगाला सात उंबऱ्यांची वाडी आहे, तिथे घर, खाली भाताची तीन खाचरं, वर डोंगरउताराला नाचणीची वरकस जमीन. फौजेत बावीस वर्षं काढली, पण वाडीतली माणसं त्यांना फौजी म्हणत नाहीत, ‘फौजेतला लोहार’ म्हणतात. आबांचं काम आर्मोररचं. म्हणजे दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त करायची. बावीस वर्षांत शत्रूवर एक गोळी झाडली नाही, हे ते स्वतःच सांगतात आणि आपणच हसतात. निवृत्त झाल्यावर शिलाई मशीन, पिठाची गिरणी, फवारणीचा पंप, जे अडेल ते लोक त्यांच्या ओट्यावर आणून ठेवतात. झाकण घट्ट बसलेली लोणच्याची बरणीसुद्धा. आनंदीकाकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, “ह्या माणसाला बरणी देऊ नका. आधी तासभर तिच्याकडे बघत बसतो.”

मला तेव्हा हे बघत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा वाटायचा. मी चळवळीतला माणूस, माझा स्वभाव वेगळा. अडलं की धडक द्यायची. तहसीलचा दरवाजा असो नाहीतर कारखान्याचं फाटक.

तेजश्री त्याच वाडीची. पोलिसात लागून दीड वर्ष झालं होतं, कायम व्हायला दोन महिने उरले होते. तिची आई तुळजाबाई. मी खाकीवर सहजासहजी विश्वास टाकत नाही, पण या पोरीला मी मार्चमध्ये चवदार तळ्यावर बंदोबस्ताला पाहिली होती. अकरा तास उभी होती, आणि मिळालेली खुर्ची तिने आमच्या एका म्हाताऱ्या कार्यकर्तीला दिली होती. तेवढं मला पुरे होतं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी तुळजाबाईचा फोन आला. तेजश्रीच्या चौकीत (चौकीचं नाव लिहीत नाही, नोकऱ्या सगळ्यांच्याच असतात) सकाळी वरिष्ठांची तपासणी होती. हुकूम झाला, सगळ्यांनी रायफलीला मॅगझीन चढवलं. तेजश्रीचं चढेना. तिने तळहाताने ठोकलं. ते अर्धवट बसलं, दुसऱ्याच क्षणी सुटलं आणि सगळ्यांसमोर सिमेंटवर आपटून त्याचा कोपरा चेपला. वरिष्ठ काही न बोलता गेले. चौकीच्या साहेबांनी मात्र कागद टाइप करायला घेतला: निष्काळजीपणे शस्त्र हाताळून सरकारी मालमत्तेचं नुकसान. रायफल आणि कागद दोन्ही दुपारच्या गाडीने अलिबागला जाणार होते. तो कागद तिच्या फायलीत पडला की दोन महिन्यांनी काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मी अकरा मुद्द्यांची तक्रार लिहून काढली आणि मोटरसायकलला किक मारली. तुळजाबाई फोनवरच म्हणाली होती, “जाताना महिपती आबांना पन न्या.” मला पटलं नव्हतं. पण पोरीच्या आईचा शब्द, म्हणून नेलं. आबांचं भात कापून खाचरात पडलं होतं. तरी चिखलाचे पाय धुऊन ते मागे बसले.

चौकीत शिरताच साहेब म्हणाले, “या नेते. आज मोर्चा नाही वाटतं?”

“मोर्चा मागून येतोय,” मी म्हटलं. “आधी हे महिपती उतेकर बघतील. बावीस वर्षं फौजेत आर्मोरर होते.”

“बाहेरच्या माणसाला सरकारी शस्त्राला हात लावता येत नाही. तुम्ही तर कायदा पाठ केलाय ना?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबा म्हणाले, “साहेबांचं बरोबर हाय.” भिंतीला एक लाकडी पट्ट्यांचं बाकडं होतं. आबा त्यावर बसले आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून घेतले. “हे बघा, हात हितं ठेवले. आता पोरीला चार गोष्टी इचारू का?”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. “विचारा. गाडी यायला तास आहे.”

तेजश्रीने रायफल आणली. ही एसएलआर. दर गोळीला घोडा ओढायचा, पण पुढची गोळी आपोआप वर येते. त्या गोळ्या मॅगझीनमध्ये असतात. मॅगझीन म्हणजे खालून बसवायची पत्र्याची पेटी. तिचं पुढचं नाक आधी रायफलीच्या खाचेत अडकवायचं, मग मागची बाजू वर दाबायची. खटका बोलला की बसलं. हे मला त्या दिवशी कळलं. आबांनी आधी तिला खोलीतून सगळ्या गोळ्या बाहेर ठेवायला लावल्या, मग रायफल रिकामी असल्याचं उघडून दाखवायला लावलं, आणि दाखवल्यावर पुन्हा एकदा दाखवायला लावलं.

“आता मॅगझीन चढव. ठोकायचं नाय हां. आपल्या घरातलं दार लावतो तसं.”

तिने चढवलं. आबांनी डोळे मिटले होते. मान एका बाजूला कललेली.

“खटका बोलला नाय,” ते म्हणाले. “आता ह्याच रायफलीला दुसरं कुनाचं तरी मॅगझीन लाव.”

तिने लावलं. तेही घट्ट. बसेना.

“आता तुझं चेपलेलं दुसऱ्या रायफलीला लाव.”

टक्. पहिल्याच झटक्यात, चेपल्या कोपऱ्यासकट, बसलं.

मी खूश झालो, पण साहेब माझ्याहून हुशार निघाले. “म्हणजे मॅगझीन ठीक आहे. बिघाड रायफलीत आहे. मॅगझीन परवडलं असतं, उतेकर. तुम्ही तर तिचं जास्तच अवघड केलंत.”

तेजश्रीचा चेहरा उतरला. मी तक्रारीचे कागद बाहेर काढले. आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, “नेते, बसा. अजून अर्धंच झालंय.”

साहेब तसा दुष्ट माणूस नव्हता. त्याला ती भानगड निस्तरायची होती एवढंच. त्याने ड्रॉवरमधून कानस काढली. “एक मार्ग आहे. खाचेत जरा घासून घेऊ. मॅगझीन बसलं की मीही कागद थांबवतो. काय?”

मला वाटलं, झालं, सुटली पोरगी. तेजश्रीनेसुद्धा हात पुढे केला.

“ती कानस लांब ठेवा, साहेब.” आबांचा आवाज चढला नाही, पण तिचा हात तिथेच थांबला. “मी एकदा घासली व्हती. नवीन व्हतो, लेहच्या वर व्हतो. एका जवानाचं मॅगझीन घट्ट व्हतं. मी खटकाच घासला. बसलं. सगळे शाबास म्हनाले. आठ दिवसांनी फायरिंगला त्याच्या रायफलीतून मॅगझीन गळून पडलं. नशीब, सरावच व्हता. खोट मॅगझीनात व्हती, घासली मी रायफल. शिकवनारा उस्ताद मला रागावला नाय. ती रायफल त्यानं वर्षभर माझ्या नावावर लावली. रोज ती खांद्यावर घेऊन गस्तीला जायाचं. घासलेलं लोखंड परत येत नाय, साहेब.”

कानस ड्रॉवरमध्ये गेली.

देवाच्या फोटोपुढे निरंजन तेवत होतं. आबांनी हनुवटीनेच तिकडे खूण केली. “तेजू, वाटीच्या पाठीवर काजळी धर. आई काजळ करते तसं. मग मॅगझीनाला हलका हात फिरव. सगळीकडून.”

काजळी धरायला दहा मिनिटं लागली. मॅगझीन काळं झालं. तिने ते रायफलीत घातलं, अडलं तिथे थांबली, बाहेर काढलं आणि आबांच्या डोळ्यांसमोर धरलं. डावी बाजू काळीच. उजवी काळीच. मागची बाजू काळी. फक्त पुढच्या नाकावर, शेंगदाण्याच्या टरफलाएवढ्या जागेत, काजळी पुसली जाऊन पत्रा चमकत होता.

खोटं कशाला बोलू. मी आयुष्यभर माणसांना बोलतं करत आलो, हा बाबा लोखंडाला बोलतं करत होता, आणि तेही हात मांडीखाली घेऊन.

“तितं कायतरी बसलंय,” आबा म्हणाले. “रायफल बिघडली नाय. रायफलीत पाव्हना आलाय. तेजू, शेवटचं नीट कधी बसलं व्हतं?”

“नवरात्र बसायच्या आधी. फायरिंग झालं तेव्हा. मग साफ करून ठेवली ती नवमीला काढली.”

“नवमीला कशाला?”

“शस्त्रपूजेला.”

खंडेनवमीला आपण काय काय पुजतो? विळा, कोयता, नांगर, गाडी. इथे टेबलावर लाल कापड घालून नऊ रायफली आडव्या मांडल्या होत्या, मॅगझीनं काढून शेजारी.

आबांनी साहेबांकडे पाहिलं नाही. त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, “पूजेनंतर पुसली नाय काय गो?”

तेजश्रीची नजर साहेबांकडे गेली. मग साहेबच म्हणाले, “मी सांगितलं होतं. दसरा उलटेपर्यंत कुंकू पुसायचं नाही म्हणून. मग तपासणी आली, वरवर पुसून घेतल्या.” थोडं थांबून म्हणाले, “पूजा मीच केली.”

“आमच्यात पन नाय पुसत,” आबा म्हणाले. “कोयत्याचं चालतं. कोयत्याला खाच नसते.”

मग कोपऱ्यातल्या खराट्याचा एक हीर आला. लोखंडाला लोखंड लावायचं नाही, एवढंच आबांनी सांगितलं. तेजश्रीने टेबलावर पांढरा रुमाल पसरला, रायफल उलटी धरली. साहेबांनी स्वतः बॅटरी धरली. आबा बाकावरूनच सांगत होते, “अजून आत. डावीकडं. आता रेटू नको, खरवड.” आधी तांबूस भुगा पडला, तेलात मुरून वाळलेलं कुंकू. मग काही नाही. मग पुन्हा काही नाही. गाडीचा हॉर्न फाटकाशी वाजला. तेजश्रीच्या कपाळावरचा घाम रुमालावर पडला.

मग तो पडला. एक दाणा. कुंकवाने लाल, तेलाने चिकट, एका टोकाला चेपलेला. अक्षतेचा तांदूळ.

तिने खाच कोरड्या फडक्याने पुसली, काजळी पुसली, नाक अडकवलं आणि मागची बाजू दाबली. खटका बोलला. आबांनी पुन्हा डोळे मिटले होते. “अजून एकदा,” म्हणाले. तिने काढलं, चढवलं. “अजून.” दहा वेळा असेल. तो आवाज दर वेळी सारखाच येत होता आणि आम्ही चौघं तो कीर्तन ऐकावं तसा ऐकत होतो.

साहेबांनी रायफल दोन्ही हातांवर आडवी धरली आणि बाकाजवळ आणली. “घ्या, उतेकर. एकदा बघाच तुम्ही. मी आहे.”

मला आबांचा चेहरा दिसत होता. त्या लाकडावर, त्या खटक्यावर त्यांची नजर कशी फिरली ते मी सांगू शकत नाही. बावीस वर्षं त्या नजरेत होती.

“नको साहेब. ही तिच्या नावावर हाय.”

साहेब नोंदवही उघडून बसले. ‘मॅगझीनच्या खाचेत बाहेरील कण आढळला. काढला. शस्त्र सुस्थितीत.’ पुढे रकाना होता, जबाबदारी. तिथे त्यांनी आडवी रेघ मारली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “रेघ का? नाव घाला ना. आत्ता तुम्हीच बोललात.”

“नेते,” आबा म्हणाले, “पोरीचं नाव हाय काय तितं?”

“नाही.”

“मग चला. भात पडलंय माझं.”

मला ती रेघ अजूनही पटलेली नाही. पण माझ्या आधी तेजश्री बोलली. सावधान उभी राहून, नजर समोर भिंतीवर ठेवून, “साहेब, तो टाइप केलेला कागद?”

साहेबांनी तो फायलीतून काढला, क्षणभर धरला आणि तिच्या हातात दिला. तिने वाचला नाही. रुमालावरचा दाणा त्यात ठेवला, पुडी बांधली आणि खिशात टाकली. फाटकाशी उभी असलेली गाडी रिकामीच अलिबागला गेली.

बाहेर मी मोटरसायकलला लटकवलेली पाण्याची बाटली आबांना दिली. त्यांनी हात पुढे केला, पण बोटं मिटेनात. बाटली निसटली. मी त्यांचा हात धरून उलटा केला. तळहातावर बाकाच्या पट्ट्यांचे वळ उठले होते, आडवे, खोल, लालभडक. दुसऱ्या हातावरही तेच.

“एवढं दाबून कशाला बसायचं, आबा? साहेब काय बघत होता थोडाच.”

ते हात झटकत हसले. “साहेबासाठी नाय रे. आपोआप पुढं जात व्हते.”

परतीच्या वाटेवर मी गाडी हळू चालवली. त्यांना मागची कडी धरता येत नव्हती.