विसूच्या डोळ्यांत डॉक्टरांना दिसले ते

मुरुडला बहिणीकडे गेलो होतो. परतून रत्नागिरीत मोटारीतून उतरतो, तर कचेरीतला शिपाई समोर आला. "विसूभाऊ काल गेले," म्हणाला. त्याला सात आठवडे झाले. लोक अजून हळहळतात, "असा अचानक कसा गेला!" ...अचानक नव्हे. मला पाच महिने ठाऊक होते.

विसू आणि मी कचेरीत शेजारी बसून दस्तऐवजांच्या नकला करीत असू. त्याचे अक्षर इतके सुरेख की पक्षकार त्याच्याच हातची नक्कल मागत. गेल्या भाद्रपदात तो ओळी गाळू लागला. "चाळिशी लागली रे," म्हणून हसायचा. बाहेरगावचे डोळ्यांचे डॉक्टर आले होते, त्यांच्याकडे मीच त्याला ओढून नेले. डॉक्टरांनी खिडक्या लावल्या, डोळ्यांत थेंब घातले आणि लहानशा आरशाने उजेड टाकून कितीतरी वेळ आत पाहत राहिले. चष्म्याचे काही बोललेच नाहीत.

"सकाळी डोकं दुखतं? पाय सुजतात?"

विसू चपापला. दोन्ही होत होते.

"पडद्यावर रक्त उतरलंय. दुखणं डोळ्यांचं नाही, मूत्रपिंडाचं दिसतं. लघवी तपासून घ्या, मीठ बंद करा आणि विश्रांती घ्या."

वाटेत विसू थांबला. "घरी बोलायचं नाही हं. मार्गशीर्षात थोरलीचं लग्न आहे. बाप अंथरूण धरणार हे कळलं, तर सोयरीक मोडेल. शपथ आहे तुला."

विसूच्या दारातच वहिनींनी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?"

"चष्मा लागेल," मी म्हणालो.

लग्न थाटात झाले. विसू पंगतीत आग्रह करीत फिरला, स्वतः लोणचे-पापड खाल्ले. मी पाहत होतो. पौषात एका सकाळी त्याला समोरचा कागदच दिसेना... आणि माघात तो गेला.

परवा वहिनींनी पुन्हा विचारले, "भावजी, डॉक्टर तेव्हा आणखी काही म्हणाले होते का?" मी सगळे सांगितले.

"मला सांगितलं असतंत, तर मीठ तरी कमी घातलं असतं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

कचेरीत विसूच्या खणात त्याची शेवटची, अर्धवट नक्कल आहे. ओळी खाली खाली घसरत गेल्या आहेत. शेवटी नेहमीचा 'खरी नक्कल' हा शेरा लिहायचा राहिला आहे. मी तो कागद रोज काढतो, पाहतो आणि परत ठेवतो.