प्रमोदच्या एकांकिकेत आमच्या आळीच्या खुर्च्या

माझ्या बहिणीला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आमच्या घरात बसायला एकही खुर्ची नव्हती. याला कारण गरिबी नव्हती. कारण मी होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझे वडील, आबा, मूळचे किन्हवलीचे शेतकरी, पण आम्ही राहायला शहापुरात. मी घराण्यातला पहिला बी.ए. (दुसरा अजून व्हायचा आहे.) पदवीबरोबर मला एकांकिकांचा नाद लागला. नाटक म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं, राजा-प्रधानाचं, एवढंच आमच्या घरात ठाऊक. आणि इकडे मुरबाड-शहापूरची कॉलेजातली पोरं अर्ध्या तासात, दोन बाकड्यांवर, आपल्याच तोंडच्या भाषेत असं काही लिहीत होती की पाहणाऱ्याने घरी येऊन जेवायचं विसरावं. मी विसरायचोच. आई आठवण करून द्यायची, "जेव आधी, मग रड."

या पोरांत प्रमोद माझा लाडका. मुरबाडकडचा, बोलायला लाजरा, लिहायला बेडर. त्याची नवी एकांकिका मी वाचली आणि लगेच पुन्हा वाचली. हायवेलगतची जमीन विकून नवं घर बांधलेला एक म्हातारा. ओटीवर ओळीने खुर्च्या मांडून बसलाय. एकेक माणूस येतो, गोड बोलतो आणि जाताना एक खुर्ची उचलून नेतो. शेवटी म्हातारा भुईवर. एवढंच.

"दादा, समदं जमलंय," प्रमोद म्हणाला, "खुर्च्या तेवढ्या नायत."

"आमच्या घरच्या ने," मी म्हणालो. मराठी रंगभूमीसाठी त्या क्षणी मी घराचं दारही काढून दिलं असतं.

घरात तेव्हा खुर्च्या भरपूर होत्या. रविवारी शैलाला पाहायला मुरबाडहून पाहुणे यायचे होते आणि आईने रीतीप्रमाणे सगळ्या आळीच्या खुर्च्या गोळा केल्या होत्या. लोखंडी, घडीच्या, प्रत्येकीच्या पाठीमागे मालकाचं नाव रंगवलेलं. (आळीत विश्वास खूप, पण खुर्च्यांच्या बाबतीत नाही.) माझा हिशेब सरळ होता. प्रमोदची एकांकिका स्पर्धा रविवारी सकाळी, पाहुणे संध्याकाळी, मधल्या वेळात खुर्च्या परत. आई पोह्यांचं सामान आणायला बाजारात गेली आणि आम्ही हातगाडी भरली.

कॉलेजात मला एक गोष्ट शिकवायची राहून गेली होती. प्रमुख पाहुणे आल्याशिवाय स्पर्धा सुरू होत नाही, आणि प्रमुख पाहुणे सकाळी येत नाहीत.

आमचे पाहुणे मात्र वेळेच्या आधीच दारात! मुलाचे वडील तात्या आणि मुलगा विलास, वाशिंदच्या कारखान्यात नोकरीला. आबांनी मला मागच्या दारी ओढलं.

"खुर्च्या कुठं गेल्या रे?"

"स्पर्धेत."

"स्पर्धेत? खुर्च्या काय पळत्यात?"

"सतरंजी तरी टाक," आई म्हणाली. सतरंजीही म्हाताऱ्याच्या ओटीवर होती. ते कळल्यावर आईने बोलणंच बंद केलं. आमच्याकडे हा शेवटचा इशारा असतो. शैलाला तर विलास फोटोवरूनच आवडला होता. ती दात-ओठ खात म्हणाली, "दादा, हे स्थळ मोडलं ना, तर जन्मभर हितंच ऱ्हाईन आणि रोज तुझं डोकं खाईन."

घाबरलेला माणूस अस्खलित बोलतो. मी बाहेर येऊन म्हणालो, "तात्या, आमच्याकडे पाहुण्यांना आधी एकांकिका दाखवतात."

ही पद्धत आपल्या घरात कधीपासून आली, हे आबांनाही ऐकायचं होतं असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"आधी चा दाखवला असता तरी चाललं असतं," तात्या म्हणाले. पण हसले, आणि निघाले.

हॉल जवळच होता. प्रमोदची एकांकिका नुकती सुरू होत होती. मी तात्यांच्या एका बाजूला, आई दुसऱ्या. पहिला माणूस आला, गोड बोलला, खुर्ची खांद्यावर टाकून वळला, आणि तिच्या पाठीवरचं नाव सगळ्या हॉलला दिसलं.

"काशीबाईची गेली," आई पुटपुटली.

दुसरा आला. "मास्तरांची गेली."

"तुमी नाटक आधी पायलंय वाटतं," तात्या कौतुकाने म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. पण मिटलेले राहीनात, इतकं ते सुंदर चाललं होतं. लोक आधी हसत होते, मग कमी हसू लागले, मग कुणीच हसेना. शेवटच्या खुर्चीला हात लागला आणि आई ताडकन उभी राहिली.

"अरे, एक तरी ठेव. घरी पाव्हणे आलेत."

सगळ्या माना वळल्या. म्हाताऱ्याचं काम करणारा पोरगा, केसांना पीठ लावलेला, आईकडे बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "आता कोन येतो गो आये आपल्याकडं? खुर्च्या व्हत्या, म्हून येत व्हते."

हे वाक्य संहितेत नव्हतं. (मी वाचली होती ना!) विंगेत प्रमोद तोंडावर हात घेऊन उभा. म्हातारा उठला, कमरेत वाकला आणि रिकाम्या हातांनी भाताची लावणी करत मागे मागे सरकू लागला. एक ओळ, दुसरी ओळ. मोकळ्या स्टेजवर मला खरोखर चिखल दिसला. तात्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग थांबेनात.

एकांकिकेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी "प्रेक्षकांत बसवलेल्या आईच्या पात्राचं" खास कौतुक केलं आणि अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस आईला दिलं. कॉलेजची तीन वर्षं मी स्नेहसंमेलनात भाले धरून उभा राहिलो, मला साधं गुलाबाचं फूल मिळालं नव्हतं.

"हे कशाचं?" आईने विचारलं.

"तुझ्या अभिनयाचं."

"मी कुठं केला? काशीबाईची खुर्ची मोडली असती, तर तिनं केला असता."

घरी आलो. मागोमाग हातगाडीही आली, पण तात्या खुर्चीवर बसेनात. भुईवरच मांडी घातली. शैला पोहे घेऊन आली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, तात्यांनी काही विचारलं नाही. बशीकडे बघत म्हणाले, "माझं बी रस्त्याकडचं शेत मागायला एक मानूस रोज येतो. लय गोड बोलतो. उद्यापासून त्याला बस म्हननार नाय." विलास शैलाकडे बघत होता, आणि ती बघू देत होती.

बशी रिकामी करून तात्या म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण आमची एक अट हाय."

आबांचा हात उपरण्यात अडकला. आई दाराला टेकली. मी पुढे सरसावलो. हुंड्यावरचं माझं वादविवाद स्पर्धेतलं भाषण अजून तोंडपाठ होतं.

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "लग्नात खुर्च्यांचं काम ह्या पोराकडं द्यायचं नाय."

सगळ्यांत आधी हसली ती शैला. आबांनी जागेवर शब्द दिला, आणि तो इतका काटेकोर पाळला, की लग्नात मला बसायलासुद्धा खुर्ची मिळाली नाही.