बिननावाचा लेख

अजूनही कुणी माझ्यासमोर रबरी शिक्का शाईच्या डबीवर आपटला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. बँकेत, पोस्टात, कुठेही. समोरच्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो, पण मी उगाच त्याच्याकडे रागाने बघते. त्याला कारण आहे. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या शोधलेखाची एका शिक्क्याने माती करत आणली होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नागपुरातल्या एका सरकारी कॉलेजात कॉमर्स शिकवत होते. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, कापडाच्या मिलमध्ये जन्मभर मागावर उभं राहून मला एम.कॉम. केलं, आणि मी लेक्चरर झाले. नागपुरात आमचं आडनाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात आमचे विभागप्रमुख चहा पिता पिता म्हणाले, "तुमचं बरं असतं हो, तुम्हाला मिळतं." सहज म्हणाले, हसत म्हणाले, आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. माझे मार्क त्यांच्या स्वतःच्या मार्कांपेक्षा जास्त होते हे त्यांना माहीत होतं. पण मी तेव्हा नवी होते, वर्गावर निघून गेले.

मग ते वाक्य मला दरवेळी ऐकू यायला लागलं. परीक्षेचं काम मिळालं तरी तेच, चांगला वर्ग मिळाला तरी तेच. आणि कधी काही मिळालं नाही, तर ते आडनावामुळेच गेलं का, याचा घोर माझा मलाच. अशाने माणूस वेडं होईल की नाही? आपल्याला खरंच काही येतं का, हे कळायला काही मार्गच उरत नाही.

अशात एके दिवशी लायब्ररीत मुंबईहून निघणारं मार्केटिंगचं एक जर्नल माझ्या हाती लागलं. मागच्या पानावर बारीक अक्षरात लेखकांसाठी सूचना होत्या. लेख इंग्रजीत, एकाच बाजूला, दोन ओळींत भरपूर जागा सोडून टाईप केलेला हवा. टिपा सगळ्या शेवटी. आणि लेखकाचं नाव, पत्ता, कॉलेज हे फक्त सुट्या पहिल्या पानावर; आत कुठेही नको. कारण दोन परीक्षक लेख वाचणार, आणि तो कोणाचा हे त्यांना कळू द्यायचं नाही. मी ती सूचना पुन्हा पुन्हा वाचली. जगात अशी एक जागा आहे जिथे माझं आडनाव दाराबाहेर ठेवून मला आत जाता येईल! खरं सांगते, मला तिथेच रडू आलं.

विषय माझ्या डोक्यात आधीपासून होताच. उमरेडच्या विणकरांच्या सुती साड्या नागपूरच्या बाजारात कशा विकल्या जातात, हा. सुट्टीच्या दिवशी एस.टी.ने उमरेडला जायचं, विणकरांशी बोलायचं, आणि मग जरीपटक्याच्या कापडबाजारात गिऱ्हाइकांच्या मागे लागायचं. एकाच मागावरच्या, एकाच सुताच्या दोन साड्या मी बरोबर ठेवायची. एक मोठ्या दुकानाच्या छापील खोक्यात, दुसरी साध्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बायकांना म्हणायचं, हात लावून सांगा, कोणती चांगली? खोक्यातल्या साडीवर हात फिरवून एक बाई म्हणाली, "हे पाहा, पोत कसं मस्त दिसून राहिलं." आणि कागदातली बोटाने बाजूला सारून म्हणाली, "हे एका धुण्यात जाते." मी घरी येऊन बाबांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. मिलमध्ये जन्म गेलेला माणूस, त्यांना सूत कळत होतं.

लेख लिहून झाला आणि मग माझा छळ सुरू झाला. पहिला टाईपवाला. सीताबर्डीवरच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ते गृहस्थ बसायचे. दोन ओळींत इतकी जागा सोडायची हे त्यांच्या जिवावर आलं. "मॅडम, कागद काहून वाया घालवता?" असं म्हणून त्यांनी पहिली पानं माझ्या भल्यासाठी गच्च टाईप करून ठेवली. ती फाडायला लावली तर दोन दिवस रुसून बसले. मग कोष्टकाचे रकाने पानात मावेनात. मग कार्बन उलटा लागला आणि एका पानाच्या पाठीवर आरशातलं इंग्रजी उमटलं. पण त्यांना सगळ्यात जास्त खुपली ती नावाची गोष्ट. "नाव नाही टाकायचं? मंग हे कोणाचं म्हणून समजायचं?" मी म्हटलं, कोणाचंच नाही असं समजा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू काही लफडं करते आहे.

बाबांनाही ते पटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, पोरीचं नाव मोठ्या अक्षरात वर असेल. मी सगळा नियम समजावून सांगितला तरी ते नाराजच. "नाव काहून लपवून राहिली वं तू? चोरी केली का? नाव लपवाचे दिवस गेले म्हणून तर आपण एवढं केलं." त्यांचं खरं होतं. पण बाबा, मला एकदा, फक्त एकदा बघायचं आहे, नाव नसताना मला कोणी घेतं का. हे मी त्यांना मोठ्याने बोलूनही दाखवलं. ते उठून अंगणात गेले.

आता कॉलेजची रीत अशी, की कोणताही कागद बाहेर पाठवायचा तर प्राचार्यांच्या परवानगीने, ऑफिसमार्फत. आमच्या एका सहकाऱ्याने न विचारता पेपरात लेख दिला तर त्याला मेमो मिळाला होता. मी कशाला नसती आफत ओढवून घेऊ? अर्ज लिहिला, सोबत लेखाच्या सगळ्या प्रती जोडल्या आणि ऑफिसात बडे बाबूंच्या हातात दिल्या. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. माणूस सरळ, कुणाचा पैसा न खाणारा, पण नियमाच्या बाबतीत दगड. मी त्यांना बजावलं, "बाबूजी, फक्त अर्जावर सही हवी. लेखाला हात लावू नका." ते म्हणाले, "तुमी चिंता नोका करू, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर बडे बाबूंनी गठ्ठा हसतमुखाने माझ्यापुढे सरकवला. मी वरचं पान उचललं. पानाच्या डोक्यावर कॉलेजचा जांभळा गोल शिक्का. शिक्क्याखाली सुवाच्य अक्षरात माझं पूर्ण नाव, आडनावासकट, हुद्द्यासकट. पान उलटलं, त्यावरही तेच. सगळ्या पानांवर. सगळ्या प्रतींवर. टिपांच्या पानावरसुद्धा.

"एक पान सोडलं नाही, मॅडम. मी सोता बसून मारले," बडे बाबू म्हणाले. मागे कधीतरी एका सरांचे कागद टपालात गहाळ झाले होते आणि दुसऱ्याच कोणीतरी ते आपल्या नावावर खपवले होते म्हणे. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पानावर शिक्का आणि नाव, हा त्यांनी पाडलेला पायंडा. "बिननावाचा कागद या ऑफिसातून बाहेर जात नसते. उद्या कोणी तुमचं काम चोरलं तर?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, पण त्या माणसाने तर माझ्या काळजीपोटी अख्खी दुपार घालवली होती. मी गठ्ठा उचलला आणि तरातरा प्राचार्यांकडे गेले. त्यांना जर्नलची सूचना दाखवली. म्हटलं, सर, हे असं चालणार नाही, मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा टाईप करते, ते पाठवू द्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शिक्का असलेली प्रत हीच अधिकृत प्रत. दुसरी पाठवता येणार नाही. आणि नाव कशाला लपवायचं? कॉलेजला तुमचा अभिमान आहे." मी म्हटलं, सर, तो त्यांचा नियम आहे. ते म्हणाले, "आणि हा आपला आहे." संपलं. जावक रजिस्टरात नोंद झाली. टपालात मी स्वतः टाकते, एवढं तरी करू द्या, असं म्हणून मी गठ्ठा घेऊन बाहेर पडले.

सायकल हातात धरून मी रामदासपेठेतल्या पोस्टासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. नाव असलेला लेखही परीक्षकांनी चुकून चालवून घेतला असता. पण मग मला काय कळलं असतं? लेख घेतला तरी आडनाव बघून घेतला, नाकारला तरी आडनाव बघून नाकारला. पुन्हा तेच दळण! मी सायकलवर टांग टाकली आणि सरळ सीताबर्डी गाठली. टाईपवाल्यांनी मला बघून कपाळावर हात मारला. "पुन्हा? अन् पुन्हा बिननावाचं?" मी म्हटलं, हो, पुन्हा, आणि दोन ओळींत जागा सोडून. या वेळी त्यांनी गुपचूप टाईप केलं. मी लेख पोस्टात टाकला आणि शिक्के मारलेला गठ्ठा घरी कपाटात ठेवून दिला.

त्यानंतर बरेच महिने गेले. मी रोज टपालवाल्याची वाट बघायची आणि रोज त्याच्यावर चिडायची. शेवटी पत्र आलं. लेख घेतला होता. सोबत दोन्ही परीक्षकांची मतं होती. एकाने कोष्टकांवर तोंडसुख घेतलं होतं, पण दोन साड्यांची कल्पना त्याला फार आवडली होती. दोघांनीही मला सगळीकडे 'तो' म्हटलं होतं. बाई आहे हेसुद्धा कळलं नव्हतं त्यांना! मी घरात एकटीच होते, मोठ्याने हसत सुटले.

हा आनंद मला किती पुरला? स्टाफरूममध्ये जाईपर्यंत. विभागप्रमुखांनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाले, "छान, छान. आता जर्नलांनाही वरून सूचना आल्या असतील, यांचे लेख घ्या म्हणून." दोघेजण हसले. मी जर्नलची सूचना उघडून त्यांच्यापुढे धरली. "सर, परीक्षकांपुढे नाव जातच नाही. कोणाचा लेख हे त्यांना माहीतच नसतं." ते म्हणाले, "हो का? पण तुमच्या लेखावर तर पानोपानी नाव होतं. बडे बाबू सगळ्यांना सांगत होते, किती मेहनतीने शिक्के मारले ते. जावक रजिस्टरात नोंद आहे."

ते बरोबर बोलत होते. रजिस्टर माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. गप्प बसले तर माझा लेख जन्मभर 'यांना मिळतं' या खात्यात जमा. खरं सांगितलं तर प्राचार्यांचा हुकूम मोडल्याची कबुली, तीही भर स्टाफरूममध्ये. नोकरी कायम व्हायची होती अजून. आणि तरीही माझा जो भडका उडाला तो उडाला. मी म्हटलं, "ते शिक्क्याचे कागद माझ्या घरी कपाटात पडले आहेत. मी दुसरे टाईप करून घेतले आणि परस्पर पाठवले. नाव नव्हतं त्यावर. सुटं पहिलं पान सोडलं तर कुठेही नव्हतं. जा, सांगा प्राचार्यांना. द्या म्हणावं मेमो."

कोणीतरी तत्परतेने सांगितलं. मेमो आला. बडे बाबूंनी तो माझ्या हातात दिला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. माझ्या काळजीने की त्यांचा नियम मोडला म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. मी संध्याकाळी घरी आले, चपला भिरकावल्या आणि बाबांना म्हटलं, घ्या, वाचा, तुमच्या पोरीचे प्रताप.

बाबांनी कागद उजेडात धरला आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचला. "प्राचार्यांचा आदेश असतानाही, आपण स्वतःचे नाव तसेच महाविद्यालयाचा शिक्का कोठेही नसलेला लेख परस्पर पाठविला, व तो त्याच स्वरूपात स्वीकृत झाला, ही बाब गंभीर आहे." वाचता वाचता ते थांबले. पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे नाव नव्हतं, हे कॉलेजच लिहून देऊन राहिलं?"

मी मान हलवली. माझ्या लक्षातच आलं नव्हतं ते.

बाबांनी मेमोच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे प्राचार्यांची सही होती, आणि सहीवर तो जांभळा गोल शिक्का, ठसठशीत, एक कडाही न पुसलेला.

"आता बरोबर जागी मारला वं बाबूनं," ते म्हणाले, आणि मेमो आपल्या सदऱ्याच्या खिशात घालून शेजाऱ्यांना दाखवायला निघून गेले.