खोताच्या ओटीवरची हवा

"हवेचो दोष आसा," असे म्हणून तो उजव्या हाताचे बोट वर करी. बोट उठले की खळ्यात बसलेली सगळी माणसे माना वर करून आभाळ पाहू लागत. आभाळ धुतल्यासारखे स्वच्छ असे. एखादा बगळा घराकडे जाताना दिसे. आणि त्याच्या ओटीवरचा नवाकोरा रेडिओ मुका होऊन नुसता खरखरत असे.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. सगळे बिघडलेले असते आणि दोष मात्र नेहमी आभाळाचा असतो.

तो आमच्या गावचा खोत. धामापूरच्या वाटेवर आमचे गाव. खोती कायद्याने गेली होती, पण खोताची ओटी शाबूत होती आणि त्या ओटीखाली जमिनीवर बसायची गावाची सवयही शाबूत होती. गाव त्याला 'खोतानू' म्हणे. मी त्याला 'तो' म्हणणार आहे. त्याने उभ्या गावाला आयुष्यभर 'अरे-तुरे' केले. एका माणसाने एकदा परतफेड केली तर काही बिघडत नाही.

रेडिओ सरकारने गावासाठी दिला होता. तो शाळेत ठेवायचा असे ठरले होते आणि शाळेत मास्तर मी होतो. पण पेटी गाडीतून उतरली त्या दिवशी हा काठी टेकत आला आणि म्हणाला, "मास्तर, तुझी शाळा गळता. यंत्राक थंडी बाधात." लगेच चार कुळांनी पेटी उचलली आणि याच्या ओटीवर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर विणलेला रुमाल आला, तिसऱ्या दिवशी हार. गावाची वस्तू आपल्या घरात ठेवायची आणि वर गावाला ऐकू देण्याचे पुण्यही आपणच घ्यायचे, ही कला खोतांना कोणी शिकवावी लागत नाही.

रेडिओशेजारी त्याची खुर्ची. खुर्चीमागे खिडकी. त्या खिडकीतून दोन माडांमध्ये बांधलेल्या तारेचे टोक आत आले होते. खिडकीच्या दाराआड एक खटका बसवला होता. विजा कडाडू लागल्या की तो खाली ओढायचा, म्हणजे तारेवर पडलेली वीज रेडिओत न शिरता जमिनीत जाईल, असे बसवायला आलेला मेकॅनिक सांगून गेला होता.

सकाळी रेडिओ छान वाजे. दुपारी बाजारभाव खणखणीत ऐकू येत. संध्याकाळी नाट्यसंगीत लागले की हा डोळे मिटून मांडीवर ताल धरी, आणि त्याच्या पापण्यांच्या कडा खरोखर ओल्या होत. ते मी नाकारत नाही. पण त्यानंतर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम सुरू झाला, निवेदकाने 'कूळकायदा' हा शब्द उच्चारला, की थोड्याच वेळात आवाज जाई.

"हवेचो दोष आसा."

गावाने माझ्याकडे पाहिले. मास्तर म्हणजे सगळे जाणणारा! मी विटेएवढ्या बॅटरीची टोके चिंचेने घासून लखलखीत केली. नारळ काढणाऱ्या एका पाडेल्याला माडावर चढवून तार तपासली. अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेल्या सळईच्या बुडाशी पाण्याच्या घागरी ओतल्या. सावंतवाडीहून मेकॅनिक आणला, तर त्याच्यासमोर भर दुपारी रेडिओ असा वाजला, की त्याने माझ्याकडेच कीव आल्यासारखे पाहिले. सूर्य मावळताना आकाशातल्या लहरी बदलतात असे मी कुठेसे वाचले होते. म्हणजे खरेच हवा असेल काय? या माणसाचे म्हणणे बरोबर निघणार या कल्पनेनेच माझी भूक उडाली.

या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो जनाकाकीचा. जनाकाकी विधवा. खोताच्या जमिनीतला ओढ्याकाठचा एक कुणगा, भाताचा लहानसा तुकडा, ती आणि तिच्या आधी तिचा नवरा कसत आले होते. ती जमीन आता कूळकायद्याने तिच्या नावावर व्हायची होती. त्यासाठी मालवणला मामलेदारापुढे तिची तारीख लागली होती आणि ती जवळ आली होती. खोताने तिला सांगून ठेवले होते, "तू कित्याक जातंस गो मालवणाक? बाईल माणूस तू. घराक रव. मी सगळा बघतंय."

ती त्याच्यावर विश्वास ठेवून होती, कारण तिचा नवरा गेला तेव्हा तिरडीला पहिला खांदा यानेच दिला होता. सरणाची लाकडेही याच्याच बागेतली. हे खोटे नव्हते, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संताप येतो. दया तो मागाल तेवढी देई. हक्क द्यायची वेळ आली की हवा बिघडे.

त्या संध्याकाळी मी ओटीच्या कोपऱ्यात बॅटरीशी वाकलो होतो. शेतकऱ्यांचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. दिवेलागण झाली. खोताची बायको निरांजन घेऊन तुळशीकडे निघाली, आणि रोजच्याप्रमाणे खळ्यातला प्रत्येक माणूस उठून तुळशीकडे वळला, हात जोडले, डोळे मिटले. सगळ्यांच्या पाठी ओटीकडे. हात जोडत नव्हतो तो गावात मी एकटाच. म्हणून माझीच पाठ वळली नाही.

आणि मी पाहिले. त्याने डोळे मिटले नव्हते. ओठ पुटपुटत होते, आणि काठीची वाकडी मूठ खिडकीच्या दाराआड सरकत होती. खट्. निवेदकाचा आवाज गेला. माणसे नमस्कार आटोपून वळली तोवर काठी मांडीवर आणि बोट आभाळात.

देवाला नमस्कार करणाऱ्या माणसांच्या पाठीआड हा त्यांचा कायदा बंद करत होता!

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेलो आणि त्याच्या खुर्चीत बसलो.

"ऊठ रे. खुर्ची माझी आसा."

"आज हवा मी बघतंय, खोतानू."

खळ्यात कोणीतरी फिसकन हसले. तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला सगळे कळले होते. तरीही निरांजन बाहेर आले, पाठी वळल्या, आणि सवयीने म्हणा की हट्टाने, काठी माझ्या कानाजवळून खिडकीकडे सरकली. मी उठून ती धरली. आम्ही दोघे ती काठी धरून उभे होतो आणि रेडिओ शांतपणे सांगत होता, की मामलेदाराने बोलावले तर कुळाने स्वतः हजर राहावे, जमीन घ्यायची आहे असे स्वतःच्या तोंडाने सांगावे. न गेल्यास हक्क जाण्याचा धोका आहे.

माणसे वळली. त्यांनी काठी पाहिली, खटका पाहिला, आम्हाला पाहिले.

जनाकाकी पुढे आली. ती ओरडली नाही.

"खोतानू, तुमी माका घराक रव म्हणान सांगलास."

त्याने रेडिओवरचा रुमाल सरळ केला.

"तुमी माझ्या घोवाक खांदो दिलास. मिया तुमच्या पायार डोक्या ठेवलंय. आणि तुमी माका जाव नको म्हणान सांगलास?"

"गो, तुझ्या बऱ्यासाठीच..." तो म्हणाला आणि त्याचे बोट अर्धवट उठले. या वेळी कोणीही आभाळाकडे पाहिले नाही.

तारखेला जनाकाकी मालवणला गेली. सोबत मी होतो, पण बोलली ती. "जमीन होयी," एवढेच. साहेबाने पुन्हा विचारले, तिने पुन्हा तेच सांगितले, पहिल्यापेक्षा मोठ्याने. कुणगा तिचा झाला. रेडिओ शाळेत आला. शाळा खरोखरच गळत होती. कुळांनी येऊन कौले परतून गळती थांबवली.

त्याला मी शेवटचे पाहिले ते लावणीच्या दिवसांत. मुलगा मुंबईला घेऊन चालला होता. मुलगा पुढे तिठ्यावर गाडीची चौकशी करायला गेला होता, आणि हा मळ्याच्या कडेला प्रवासाची पेटी घेऊन छत्रीखाली उभा होता. पूर्वी त्याची पेटी उचलायला घराघरातून एकेक माणूस वेठीला येई. आज कोणी नव्हते. मी होतो. मी ती उचलली नाही. त्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही.

जनाकाकी आपल्या कुणग्यात वाकून तरव्याची रोपे रोवत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीवर इरले. तो बांधावरून तिच्याकडे बघत राहिला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने गरजला, "गो जना! ओळ वाकडी जाता! दाट कित्याक रोवतंस?"

ती सरळ झाली. कमरेवर हात ठेवून तिने त्याला नीट पाहून घेतले.

"जाव दे वाकडी," ती म्हणाली. "माझी आसा."

आणि पुन्हा वाकली. तिकडून मुलाने हाक मारली. त्याने छत्री मिटली, काखेत धरली, दोन्ही हातांनी पेटी उचलली आणि भिजत, अडखळत तो बांधावरून चालू लागला. बांध अरुंद होता. समोरून डोक्यावर तरव्याचे भारे घेतलेल्या बाया येत होत्या. वाट देण्यासाठी तो चिखलात उतरला.