माझ्या साडूंचा कम्प्युटर

घाई नावाची एक गोष्ट जगात असते, ही बातमी ज्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही असे एकच गृहस्थ मला माहीत आहेत, आणि ते माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीशी त्यांचं लग्न लागलं त्या दिवशी मुहूर्त टळून गेला होता, कारण नवरदेव दाराशी थांबून मांडवाच्या कापडाची वीण बघत होते. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात ते पाळीने कामाला जातात. कंपनीची बस चौकात येते तेव्हा साडू गल्लीच्या तोंडाशी असतात, आणि तिथून ते ज्या चालीने येतात ती पाहून ड्रायव्हरने बस बंद करून तंबाखू मळायची सवय लावून घेतली आहे. त्यांच्याबरोबर तर्री-पोहे खायला जावं तर आपली प्लेट संपते, दुसरी मागवून तीही संपते, तोवर साडूंनी तर्रीतले चणे एका बाजूला नीट लावून घेतलेले असतात आणि आता सुरुवात करायला हरकत नाही, अशा समाधानाने ते चमचा उचलतात. मी स्वभावाने तापट, त्यातून सगळी नोकरी बँकेच्या खिडकीमागे काढलेला. रांग पुढे सरकली नाही की माझं डोकं फिरतं. या माणसाबरोबर पंचवीस वर्षं नातं टिकवलं याबद्दल माझा कुणीतरी सत्कार करायला हवा.

त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातमाग होता. वडील गेले आणि त्यांच्या पाठोपाठ मागही गेला, पण पुढच्या खोलीतला खड्डा तेवढा राहिला. विणणारा त्याच्या काठावर बसतो, पाय आत सोडतो आणि खालच्या दांड्या पायांनी दाबत विणत राहतो. साडूंनी तो बुजवू दिला नाही, वर फळी टाकून ठेवली. वडिलांची एक शिस्तही त्यांनी अशीच जपून ठेवली आहे. ताण्याचे सगळे उभे धागे ताणून झाल्याशिवाय आडवा धागा नेणारा धोटा हातात घ्यायचा नाही, मग कितीही दिवस लागोत. मागावर ही शिस्त योग्यच असणार. साडूंनी ती कम्प्युटरला लावली.

त्यांना कम्प्युटर हवा झाला तो लेकीमुळे. ही माझी भाची एकुलती एक. कॉलेजात असताना तिच्याकडे जुना लॅपटॉप होता, त्यावर ट्रक चालवायचा एक खेळ होता, आणि सुट्टीच्या दुपारी बापलेक आळीपाळीने परदेशातल्या रस्त्यांवरून माल वाहून नेत. साडू खेळातसुद्धा चाळीसच्या वर जात नसत, पिवळा दिवा दिसला की थांबत, आणि मागचे सगळे हॉर्न वाजवू लागले तरी म्हणत, गाडीत माल आहे. त्या दुपारी ते दोघं बोलत. एरवी दोघेही घुमे. पोरगी हैदराबादला नोकरीला गेली, तिच्याबरोबर लॅपटॉप गेला, आणि मागे राहिला फोन. साडू फोनवर विचारत, जेवली का, ती म्हणे हो, ते म्हणत बरं, आणि मग दोघंही गप्प राहून बोलणं संपवत. तिनेच एकदा सुचवलं की तुम्ही तिकडे एक बरा कम्प्युटर घ्या, मग आपण आपापल्या ठिकाणी बसून एकाच रस्त्यावर दोन ट्रक चालवू, कानाला हेडफोन लावून बोलताही येईल. साडूंनी त्याच संध्याकाळी होकार कळवला आणि कामाला लागले. त्याला पुढे तीन वर्षं लागली.

तयार कम्प्युटर त्यांच्या ऐपतीत बसत नव्हता, म्हणून एकेक भाग घेऊन जोडायचा असं ठरलं. बोनस आला की एक भाग, ओव्हरटाइम झाला की दुसरा. कुठलाही शहाणा माणूस आधी प्रोसेसर घेईल. साडूंनी आधी ट्रकच्या खेळाचं स्टिअरिंग घेतलं, का तर ते जुन्या बाजारात स्वस्त मिळालं. फळी काढून त्याचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर त्यांनी खड्ड्यात बसवले, वडिलांचे पाय जिथे पडत अगदी तिथे. आणि मग कम्प्युटर नसताना, समोर नुसती भिंत असताना, ते रोज दुपारी ट्रक चालवू लागले. पहिल्या पाळीहून आले, हातपाय धुतले, की काठावर बसायचं आणि भिंतीकडे बघत स्टिअरिंग हळूहळू फिरवायचं. मी एकदा गेलो तर म्हणाले, बसा भाऊ, हा घाट उतरून घेतो. मेहुणी चहा घेऊन आली आणि घाट उतरेपर्यंत कप हातात धरून शेजारी उभी राहिली. मला हसू आवरेना. पण खरं सांगतो, पाच मिनिटं तिथे बसल्यावर त्या रंग उडालेल्या भिंतीवर मलाही दूरवर कुठेतरी झाडं दिसायला लागली होती, मधोमध एक ओला रस्ता होता, आणि उठून घरी जावंसं वाटत नव्हतं.

बाकीचे भाग बर्डीवरच्या बाजारातल्या एका दुकानातून यायचे. साडू रॅमची पट्टी उजेडात धरून बघत, कडेवरून अंगठा फिरवत आणि दुकानदाराला विचारत की ही किनार पक्की आहे न. एका पट्टीसाठी पाच खेपा. शेवटी दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूल वेगळं ठेवलं. तो बिचारा सांगून थकला की काका, नेलेला भाग लगेच लावून बघा, खराब निघाला तर बदलून देता येतो. पण ताणा पुरा व्हायचा होता. वस्तू खोक्यातून निघे, कपाटात साडीच्या घडीत जाऊन बसे आणि वॉरंटी तिथेच संपे. कम्प्युटरच्या आत बसवायचा फॅन आला तेव्हा त्यांना काळजी पडली की नागपूरच्या मे महिन्यात या एवढ्याशा पंख्याचं काय होणार. म्हणून खोलीतला कूलर त्यांनी कम्प्युटरच्या रिकाम्या डब्याकडे वळवून ठेवला आणि तो अख्खा उन्हाळा माझी मेहुणी घामाघूम होऊन त्या डब्याच्या मागे बसून भाजी निवडत होती.

पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड शेवटी राहिलं, कारण तेच सगळ्यांत महाग. नवं घेणं शक्य नव्हतं. बुटीबोरीच्या एका गृहस्थांकडे वापरलेलं होतं, ते बघायला साडू मला घेऊन गेले. त्यांना तासभर खेळ चालवून दाखवायला लावला, कार्डाला आधीच्या घरी त्रास तर नव्हता न, अशी चौकशी केली, चहा घेतला आणि घरी विचारून कळवतो म्हणून उठले. असं चार वेळा झालं. चौथ्या खेपेनंतर एका रविवारी पोरीचा फोन आला. मी तिथेच होतो. ती म्हणाली, "बाबा, राहू द्या न आता. मलेही रविवारी काम राहते. तुमचा कम्प्युटर होईपर्यंत माझी हौसच संपून जाईल." तक्रारीचा सूर नव्हता, ती सहजच बोलली होती, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. साडू बरं म्हणाले. मग बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, पण फिरवलं नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ते एकटेच बुटीबोरीला गेले आणि कार्ड घेऊन आले.

दसऱ्याला पोरीला सुट्टी होती. चार वाजता दोघांनी रस्त्यावर भेटायचं ठरलं. सकाळी साडूंनी सगळे भाग पाटावर मांडले, मेहुणीने पूजा केली, मग दुकानदाराने शिकवल्याप्रमाणे त्यांनी एकेक भाग जोडला. चारला दहा कमी असताना बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. साडूंनी फोन करून सांगितलं की जमलं नाही अजून. पलीकडून पोरगी फक्त बरं म्हणाली. आता ती फोन ठेवेल, कामाला लागेल आणि पुन्हा कधी विचारणार नाही, हे मला कळलं तसं त्यांनाही कळलं असणार. त्यांनी वायरी उपटल्या, डबा उचलला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. रस्त्यात आपट्याची पानं घेऊन निघालेल्यांची ही गर्दी. मी सावकाश चालवत होतो. मागून आवाज आला, "भाऊ, जरा जोरात घ्या न. पोरगी थांबून राहिली."

पंचवीस वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी अशी स्कूटर हाणली की सिग्नलवरच्या पोलिसाने नुसतं बघून घेतलं. दुकानाला झेंडूची तोरणं होती, पण दुकान उघडं होतं. दुकानदाराने कार्ड बाहेर काढलं, त्याच्या सोनेरी कडेकडे पाहिलं आणि ते आमच्यापुढे धरलं. त्या कडेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळदीकुंकू होतं. ते जिथे बसवायचं त्या खाचेत अक्षतेचा एक दाणाही अडकला होता. शाळेतल्या पोरांच्या खोडरबराने त्याने ती कड घासून काढली, चिमट्याने दाणा उचलला, कार्ड बसवलं आणि दुकानातला पडदा उजळला. मेहुणीला नंतर विचारलं तर म्हणाली, "तेवढंच तर सोन्यावानी दिसून राहिलं होतं. मग कुंकू कुठं लावू?"

घरी पोचायला सहा वाजले. खेळ सुरू झाला तेव्हा खेळातल्या एका पेट्रोल पंपाजवळ पोरीचा ट्रक उभा होता. दोन तास ती तिथेच थांबली होती. साडूंनी विचारलं, जेवली का, ती हो म्हणाली, आणि या वेळी बोलणं तिथे संपलं नाही. दोन ट्रक निघाले. मी फाटकापर्यंत जाऊन नातेवाइकांना सोनं देऊन परत येईस्तोवर नोकरी, खोलीवरची मैत्रीण, ऑफिसातला कुणी एक त्रास देणारा साहेब, असं सगळं निघालं होतं. साडू स्टिअरिंग हळूहळू फिरवत होते आणि हूं हूं म्हणत होते.

पुन्हा आत डोकावलो तर दोन्ही ट्रक रस्त्याच्या कडेला उभे होते. पोरीचा पुढे, साडूंचा अगदी मागे, चारही बाजूंचे दिवे लुकलुकत. मी विचारलं, बिघडलं का काही? साडूंनी ओठांवर बोट ठेवलं, हेडफोन काढला आणि माझ्या कानाला लावला. आत नुसता श्वास ऐकू येत होता, संथ आणि खोल. आठवडाभराची दमलेली पोर बोलता बोलता झोपून गेली होती. बाहेर सोनं द्यायला कुणी आलं, तर मीच उठून त्यांना हळू बोला म्हणून सांगितलं.

"उठवायचं नाही का?" मी विचारलं.

साडूंनी मान हलवली. हेडफोन पुन्हा कानाला लावून ते पुढच्या ट्रककडे बघत बसले. "उठली म्हणजे ती विचारेल, किती वेळ झाला," ते हळूच म्हणाले. "मी सांगन, आत्ताच थांबलो म्हणून."